केटामाइन उपचार : औषधाआधी विश्वास

तथागत बुद्धांना महाभिषक्, म्हणजे थोर वैद्य, म्हटले जाते. चार आर्यसत्यांचा क्रमही वैद्यकासारखाच आहे : रोग, त्याचे कारण, रोगमुक्ती आणि उपाय. म्हणून मनाच्या आजारावरील एका नव्या उपचाराची माहिती या स्मरणिकेतून समाजबांधवांना देण्याचे आम्ही योजले आहे. 'केटामाइन' हे नाव परदेशी गेलेल्या मुलामुलींकडून आता आपल्याही घरांत ऐकू येते. 'ही तर नशा, मग पंचशीलाचे काय?' असा प्रश्नही त्यामागोमाग येतो.

केटामाइन हे मुळात भूल देण्याचे औषध. अमेरिकेत पार्क-डेव्हिस कंपनीसाठी काम करताना कॅल्व्हिन स्टीव्हन्स यांनी ते 1962 मध्ये तयार केले आणि 1970 मध्ये त्यास तेथे मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. अल्प मात्रेत ते नैराश्य काही तासांतच हलके करते, असे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दिसून आले. त्याच्याच जातीचे एस्केटामाइन हे नाकात फवारण्याचे औषध अमेरिकेत 2019 मध्ये दुर्धर नैराश्यासाठी मान्य झाले. ते घरी नेता येत नाही. मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावे लागते व त्यानंतर किमान दोन तास देखरेखीखाली राहावे लागते. मूळ केटामाइनला मात्र मानसिक आजारासाठी तेथे स्वतंत्र मान्यता नाही. डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर ते देतात. अशी अनेक खासगी केंद्रे तेथे निघाली आहेत.

या केंद्रांत येणाऱ्या पुष्कळांच्या मनावर जुना आघात असतो : मारहाण, अत्याचार, युद्ध, अपघात. आघातानंतरच्या विकारावर या औषधाचा गुण किती, याबाबत अभ्यास एकमुखी नाहीत. 2014 च्या एका लहान अभ्यासात लक्षणे लवकर उतरली. 2022 मध्ये सैनिकांवरील मोठ्या अभ्यासात तसा लाभ सिद्ध झाला नाही. तेव्हा हा रामबाण उपाय नव्हे.

शिवाय औषध चढले असता आपण शरीराबाहेर गेलो आहोत, असे रुग्णास वाटते. रक्तदाब वाढतो. ज्याच्यावर पूर्वी बळजोरी झाली, त्याला स्वतःवरचा ताबा सुटणे हाच नवा आघात ठरू शकतो. म्हणून आघाताचे भान ठेवून केंद्र चालवावे लागते. अमेरिकन सरकारच्या मानसिक आरोग्य विभागाने 2014 मध्ये याची सहा तत्त्वे सांगितली : सुरक्षितता, विश्वास व पारदर्शकता, समदुःखींचा आधार, सहकार्य, रुग्णाचा आवाज व निवड, आणि संस्कृती, इतिहास व लिंगभेदाचे भान.

प्रत्यक्षात याचा अर्थ साधा आहे. प्रथम पूर्ण तपासणी : रक्तदाब आटोक्यात नसेल, भ्रमाचा आजार असेल किंवा गर्भारपण असेल, तर हे औषध टाळतात. काय होईल, किती वेळ लागेल, खर्च किती, हे आधी सांगायचे. धीर देण्यासाठी हात धरला तर चालेल का, हेही शुद्धीवर असतानाच विचारायचे. औषध चढल्यावर दिलेला होकार हा होकार नव्हे. दार कोठे आहे ते दाखवायचे. आघाताची कहाणी सांगण्याची सक्ती करायची नाही. त्या दिवशी रुग्णाने वाहन चालवायचे नाही. घरी नेण्यास कोणीतरी हवे. पुढील दिवसांत मनात जे वर आले त्यावर शांतपणे बोलणे, हा उपचाराचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. हे सारे वगळून केवळ सुई टोचणारे केंद्र म्हणजे दुकान होय.

आता पंचशीलाविषयी. पाचवे शील प्रमादास कारण होणाऱ्या मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे आहे. विनयपिटकातील महावग्गात आजारी भिक्खूसाठी औषधी तेलात थोडे मद्य घालण्यास भगवंतांनी अनुमती दिली आहे. मात्र त्याचा रंग, वास व चव जाणवता कामा नये. म्हणजे औषध निषिद्ध नाही, बेहोशीची ओढ निषिद्ध आहे. केटामाइनची चटक लागू शकते. सतत सेवनाने मूत्राशय कायमचे बिघडू शकते. भारतात 2011 पासून ते अमली पदार्थविषयक कायद्याखाली आहे. म्हणून ते मित्राकडून वा चोरट्या मार्गाने कधीही घेऊ नये.

सहावे तत्त्व आम्हांस विशेष मोलाचे वाटते. अपमान हाही आघात असतो आणि पिढ्यान् पिढ्यांच्या अपमानाची जखम रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. आपल्याकडे मात्र मनाचे दुखणे लपवले जाते, किंवा दारूत बुडवले जाते. तसे न करता मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. 14416 या टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते, मराठीतही. आणि डॉक्टरांनी काही सुचविले तर निःसंकोच विचारावे : हे का, धोका काय, मी नाही म्हणू शकतो का? प्रश्न विचारून, पारखून मग स्वीकारणे हीच तर धम्माची शिकवण आहे.

जय भीम!