बंद होता होता अडकलेलं लिनक्स: शटडाऊन नेमकं कुठे थांबतं?

रात्रीचे साडेअकरा. लॅब बंद करायची वेळ. तुम्ही शटडाऊन दाबता, पडदा काळा होतो आणि तिथे एक ओळ उमटते: 'अ स्टॉप जॉब इज रनिंग फॉर…'. पुढे एक घड्याळ, दीड मिनिटाच्या दिशेने सरकणारं. कधी ते घड्याळ संपून पुन्हा सुरू होतं, कधी ओळसुद्धा दिसत नाही, नुसता पंखा फिरत राहतो. मग आपण सगळे करतो तेच करता: पॉवरचं बटण चारेक सेकंद दाबून धरायचं. मशीन गप्प.

घरच्या लॅपटॉपवर हे बहुतेक वेळा खपून जातं. संशोधनाच्या मशीनवर मात्र याची किंमत वेगळी असते. तुमच्या प्रोग्रामने 'लिहिलेला' डेटा लगेच डिस्कवर जात नाही, तो आधी मेमरीत थांबतो. कर्नलच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये असा डेटा तीसेक सेकंद जुना झाला की डिस्कवर ढकलायला घेतात. एक्स्ट४ फाइलसिस्टम जर्नल ठेवते, त्यामुळे अचानक वीज गेली तरी फाइलसिस्टमचा सांगाडा शाबूत राहतो. पण फाइलच्या आतला मजकूर पूर्ण असेल अशी हमी ती देत नाही. लिहिण्यासाठी उघडी असलेली एचडीएफ५ फाइल नीट बंद झाली नाही, तर ती दुसऱ्या दिवशी उघडतच नाही असंही होतं. तीन दिवसांचं सिम्युलेशन एकाच फाइलमध्ये असेल तर हिशेब तुम्हीच करा.

म्हणून 'हे दुरुस्त कसं करू' याच्या आधीचा प्रश्न विचारायला हवा: ते अडकतंय कुठे?

(एक सूचना: आज्ञा आणि संदेश मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे.)

शटडाऊन म्हणजे एक बटण नाही, ती एक रिले शर्यत आहे. पहिला धावपटू सिस्टमडी. आजच्या उबुंटू, डेबियन, फेडोरा या सगळ्यांत मशीन सुरू झाल्यावर पहिली प्रोसेस हीच असते, आणि सेवा बंद करणंही तिच्याकडेच. ज्या क्रमाने सेवा सुरू झाल्या त्याच्या उलट क्रमाने ती त्या बंद करते. प्रत्येकीला आधी सिगटर्म हा सिग्नल जातो, म्हणजे 'आवरा आता' अशी विनंती. मुदत संपेपर्यंत वाट पाहायची, आणि तरी प्रोसेस जिवंत असेल तर सिगकिल. सिगकिल ही विनंती नाही, प्रोसेसला ती ऐकूही येत नाही. कर्नल तिला थेट उचलून बाहेर टाकतो. मुदत मुळात ९० सेकंदांची. पडद्यावरचं ते दीड मिनिटाचं घड्याळ म्हणजे हेच. फेडोराने २०२३ मध्ये ३८व्या आवृत्तीत ती ४५ सेकंदांवर आणली.

सेवा संपल्या की उरल्यासुरल्या प्रोसेस मारणं, डिस्क अनमाउंट करणं, स्वॅप बंद करणं. मग बॅटन कर्नलच्या हाती: प्रत्येक हार्डवेअरच्या ड्रायव्हरला 'बंद हो' सांगायचं. आणि शेवटी फर्मवेअर, जे प्रत्यक्ष वीज तोडतं.

अडकण्याची जागा या तीन हातांपैकी कुठल्याही एकात असू शकते, आणि तिन्हींचे उपाय एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. इंटरनेटवर मिळालेली कर्नलची कुठलीतरी सेटिंग बूटच्या ओळीत चिकटवून पाहणारे बरेच जण असतात. अडचण एखाद्या सेवेत असेल तर असल्या दहा सेटिंग चिकटवल्या तरी फरक पडणार नाही, आणि वर त्यातली कुठली काय करते हे सहा महिन्यांनी कुणालाच आठवणार नाही.

तेव्हा आधी पडदा बोलता करा. बूटच्या ओळीत 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' असे दोन शब्द असतात, ते एका बूटपुरते काढून टाका. लोगोच्या जागी संदेश दिसू लागतील. अडकलं की मोबाइलने फोटो काढा. हसू नका, शेवटच्या टप्प्यात लॉग लिहिणारी सेवासुद्धा बंद झालेली असते, त्यामुळे फोटो हाच पुरावा. फोटोत 'रीबूट: पॉवर डाउन' ही ओळ असेल तर सिस्टमडी आणि बहुतेक कर्नलही सुटले; गोष्ट फर्मवेअरशी येऊन थांबली आहे. ती ओळच नसेल तर अडचण त्याच्या अलीकडे.

अलीकडची असेल तर पुढच्या वेळी मशीन सुरू झाल्यावर 'जर्नलसीटीएल -बी -१ -ई' द्या. मागच्या बूटचा लॉग, थेट शेवटापासून. 'मागचं बूट सापडत नाही' असं उत्तर आलं तर लॉग फक्त मेमरीत राहतोय. '/व्हार/लॉग/जर्नल' ही डिरेक्टरी तयार करा, मशीन पुन्हा सुरू करा, मग पुढचे लॉग टिकतील. त्यात दोन गोष्टी शोधायच्या: 'स्टॉप-सिगटर्म टाइम्ड आउट' आणि 'किलिंग प्रोसेस'. दुसऱ्या ओळीत प्रोसेसचा क्रमांक आणि नाव दोन्ही असतं. बहुतेक वेळा गुन्हेगार इथेच सापडतो.

लॉगवरूनही कळलं नाही तर एक हत्यार आहे जे मला फार आवडतं: डीबग शेल. शटडाऊनच्या आधी 'सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट डीबग-शेल' द्यायचं. अडकल्यावर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ९ दाबलं की एक शेल समोर येतं, बाकी सगळं बंद होत असतानाही जिवंत. तिथे 'सिस्टमसीटीएल लिस्ट-जॉब्ज' द्या. कोण कोणासाठी थांबलंय याची यादीच मिळते. मात्र हे शेल पासवर्ड न विचारता रूटचे अधिकार देतं. कायमचं चालू ठेवू नका, सामायिक लॅबमध्ये तर नाहीच.

आता संशोधन करणाऱ्यांच्या मशीनवर हमखास सापडणारी दोन कारणं. पहिलं, नेटवर्कवरची डिस्क. लॅबच्या सर्व्हरवरचा डेटा एनएफएसने आपल्या मशीनवर माउंट केलेला असतो. एनएफएस माउंट मुळात 'हार्ड' असतं, म्हणजे सर्व्हर उत्तर देईना तर ते वाट पाहत राहतं, अनंत काळ. हा दोष नाही, मुद्दाम घेतलेला निर्णय आहे: अर्धवट लिहून 'झालं' म्हणण्यापेक्षा थांबलेलं बरं. अनमाउंट करताना मेमरीतला उरलेला डेटा सर्व्हरकडे पाठवावा लागतो. सर्व्हर त्या क्षणी गाठता येत नसेल तर अनमाउंट अडकतं, आणि त्याच्यापाठी शटडाऊन.

पण सर्व्हर तर चालू आहे, मग? तुमच्या बाजूचं नेटवर्क आधी गेलं असणार. सिस्टमडी फाइलसिस्टमच्या प्रकारावरून, एनएफएस किंवा सिफ्स असेल तर, ओळखतं की ही नेटवर्कवर अवलंबून आहे, आणि नेटवर्क तिच्यानंतर बंद करतं. घरून काम करणारे मात्र आधी लॉगिन करतात, मग स्वतःच्या सेशनमधून व्हीपीएन जोडतात, मग लॅबची डिस्क माउंट करतात. शटडाऊनमध्ये तुमचं सेशन संपलं की व्हीपीएन गेलं. सिस्टमडीच्या दृष्टीने वाय-फाय अजून शाबूत आहे. सर्व्हरपर्यंतचा रस्ता मात्र तुटलेला. फक्त एका वापरकर्त्यापुरतं साठवलेलं वाय-फाय कनेक्शनही असाच घात करतं. ते 'सर्व वापरकर्त्यांसाठी' करा. व्हीपीएन सिस्टमची सेवा म्हणून चालवा, किंवा सरळ सवय लावा: आधी अनमाउंट, मग व्हीपीएन, मग शटडाऊन.

हे खरंच तुमचं कारण आहे का ते तपासायला शटडाऊनही लागत नाही. व्हीपीएन तोडा आणि 'डीएफ' द्या. टर्मिनल गोठलं तर उत्तर मिळालं. 'पीएस' च्या यादीत त्या प्रोसेसच्या स्थितीत बहुधा 'डी' दिसेल. डी म्हणजे कर्नलच्या आत कशाची तरी वाट पाहत झोपलेली, साध्या सिग्नलने न उठणारी प्रोसेस. काही डी स्थितीतल्या प्रोसेसना सिगकिलही हलवू शकत नाही; दीड मिनिटाचं घड्याळ संपूनही मशीन अडकलेलं राहतं ते त्यामुळे. 'सॉफ्ट' माउंट करा असा सल्ला तुम्हाला मिळेल. त्याने अडकणं थांबेल हे खरं, पण सर्व्हर गायब झाला की तुमच्या प्रोग्रामला लिहिताना त्रुटी मिळेल, आणि प्रोग्रामने ती तपासली नाही तर फाइल चुपचाप बिघडेल. मोजमापांच्या डेटासाठी मी हा सौदा करणार नाही.

दुसरं कारण अधिक जवळचं: तुमचीच पायथन स्क्रिप्ट. उपकरणातून दर सेकंदाला वाचन घेणारी स्क्रिप्ट बरेच जण सिस्टमडीची सेवा म्हणून लावून देतात, ते योग्यच आहे. आता सिगटर्म आला की काय होतं? तुम्ही काहीच सांगितलं नसेल तर पायथन तिथल्या तिथे मरतं. 'फायनली' मधला कोड चालत नाही, फाइल नीट बंद होत नाही. कंट्रोल-सी ने थांबवताना तो कोड चालतो, कारण तो वेगळा सिग्नल, सिगइंट. म्हणून हाताने चाचणी करताना सगळं झकास वाटतं.

मग कुणीतरी सांगतं की सिगटर्मसाठी हँडलर लिही. तुम्ही लिहिता, आत 'सिस.एक्झिट' बोलावता. आणि आता मशीन बंदच होत नाही! कारण 'सिस.एक्झिट' एक अपवाद फेकतं, आणि उपकरण अधूनमधून चुकीचं वाचन देतं म्हणून तुमच्या लूपमध्ये नुसतं 'एक्सेप्ट:' लिहिलेलं असतं. ते नुसतं 'एक्सेप्ट' हा अपवादही गिळतं आणि लूप आनंदाने पुढे चालू. ९० सेकंद, मग सिगकिल, मग उघडी राहिलेली फाइल. उपाय छोटा आहे: हँडलरमध्ये फक्त एक खूण खरी करायची, 'थांबायचंय' अशी, आणि लूपच्या प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला ती तपासायची. सोबत 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लिहिण्याची सवय लावा. आणखी एक बारकावा: पायथनचा हँडलर मुख्य थ्रेडमध्ये, दोन पायऱ्यांच्या मध्ये चालतो. नमपायचं एकच मोठं मॅट्रिक्स सोडवायला चार मिनिटं लागत असतील तर तोवर तुमचा हँडलर रांगेत. अशा वेळी त्या सेवेपुरती मुदत, 'टाइमआउटस्टॉपसेक', वाढवा.

हो, वाढवा. सर्रास मिळणारा सल्ला उलटा आहे: सगळ्या सिस्टमची मुदत दहा सेकंदांवर आणा, कटकट मिटेल. मिटते खरी, पण मुदत कमी करणं म्हणजे सिगकिल लवकर पाठवणं. डेटाबेस चालू असलेल्या मशीनवर हे करू नका. उबुंटूवर आपोआप अपडेट करणारी सेवा तर मुद्दाम अर्ध्या तासाची मुदत मागून घेते, कारण पॅकेज बसवताना मध्येच मारलं तर मशीन उद्या उठणारच नाही.

हेच सिग्नलचं ज्ञान उद्या महासंगणकावर कामी येतं. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या यंत्रावर कामांची रांग स्लर्म सांभाळतं; तुमच्या जॉबची वेळ संपली की तिथेही आधी सिगटर्म, मग सिगकिल. मधला अवकाश मुळात ३० सेकंदांचा. तेवढ्यात चेकपॉइंट लिहून होतो का, हे घरच्या मशीनवर आधीच मोजून ठेवा.

कर्नल आणि फर्मवेअरच्या टप्प्याबद्दल थोडक्यात. 'वॉचडॉग डिड नॉट स्टॉप' ही ओळ शेवटी दिसते आणि पुष्कळांना वाटतं हेच कारण. बहुतांश वेळा ती निरुपद्रवी असते, योगायोगाने शेवटची दिसते इतकंच. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर हा जास्त संशयित. एनव्हिडियाच्या कार्डावर नूवो ड्रायव्हर वापरत असाल तर दुसरा ड्रायव्हर लावून पाहा. जुनं कर्नल ग्रबच्या यादीत असतंच, त्याने बूट करून बंद करून पाहा. तिथे नीट बंद झालं तर दोष नव्या कर्नलचा. मशीन बंद होऊन स्वतःच पुन्हा सुरू होत असेल तर फर्मवेअरमधलं वेक-ऑन-लॅन आधी तपासा. आणि हे सगळं एका वेळी एकच बदलून. दोन गोष्टी एकत्र बदलल्यात आणि मशीन सुधारलं, तर कशामुळे ते तुम्हाला सांगता येणार नाही.

आज रात्री मात्र मशीन अडकलेलं आहे आणि शेवटची बस सुटायची आहे, तर? बटणाच्या आधी मॅजिक सिसआरक्यू वापरा. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीनची कळ धरून एस दाबा: मेमरीतला डेटा डिस्कवर. काही सेकंद थांबा. मग यू: डिस्क फक्त वाचनासाठी. मग ओ: बंद. उबुंटूवर हे तिन्ही चालतात, कारण तिथली मूळ किंमत १७६, म्हणजे १६ अधिक ३२ अधिक १२८, आणि त्या तीन आकड्यांचा अर्थ याच क्रमाने या तीन परवानग्या असा आहे. फेडोरावर मूळ किंमत नुसती १६, त्यामुळे तिथे एस चालेल, बाकीच्या दोन नाहीत. लॅपटॉपवर बहुधा एफएन कळही धरावी लागते, आणि तिचं नेमकं जुळणं प्रत्येक मॉडेलवर निराळं असतं. ते अडकायच्या आधी एकदा दुपारी निवांत पाहून ठेवा.