नळ्यांना सारखे पाणी

गच्चीवरच्या सौर बंबात काचेखाली काळा पत्रा असतो. त्याला तांब्याच्या आठ-दहा उभ्या नळ्या जोडलेल्या असतात आणि खाली-वर एकेक आडवी नळी असते. पाणी खालच्या डाव्या कोपऱ्यातून शिरते व वरच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर पडते. असे तिरपे का बरे? पाइप वाचतो म्हणून दोन्ही तोंडे डावीकडेच ठेवली, तर पाणी जवळच्या नळ्यांतूनच जास्त वाहील. लांबच्या नळ्यांत ते रेंगाळेल, तेथील पत्रा फाजील तापेल आणि उष्णता काचेतून हवेत जाईल. तिरप्या मांडणीत मात्र कोणत्याही नळीतून गेले तरी वाट सारखीच!

शिवाय आडव्या नळ्या जाड, सुमारे २५ मिमी व्यासाच्या असतात. उभ्या १२ मिमीच्या. संथ प्रवाहात व्यास दुप्पट केला, की अडथळा सोळा पटींनी घटतो. म्हणून पाणी अडते ते मुख्यतः उभ्या नळ्यांत, आणि तेही सगळ्यांत सारखेच.