फॉन्ट परिवर्तक आज्ञावलीची बीटा चाचणी : पूर्वतयारीचे स्वरूप

प्रस्तावना : १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला, तथापि त्यानंतरही अनेक वर्षे मराठी मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्येच टंकित होत राहिला. तो युनिकोडमध्ये आणणारी आज्ञावली विकसकाच्या संगणकावर निर्दोष वाटली, तरी प्रकाशनापूर्वी बाहेरील वापरकर्त्यांकडून तिची बीटा चाचणी होणे आवश्यक असते.

दोषांचे स्वरूप : जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी व रफार अक्षरानंतर टंकित होतो, युनिकोडमध्ये हा क्रम उलट असतो. क्रम चुकल्यास दोष तत्काळ दिसतो. परंतु ‘आचाऱ्यांना’चे ‘आचार्यांना’ झाल्यास स्वयंपाक्यांचे गुरुजन होतात. दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शुद्धलेखन तपासनीसही ही चूक पकडत नाही.

पूर्वतयारी : प्रथम नव्या सुविधांची भर थांबवावी. ‘१.०.० बीटा १’ असा स्वतंत्र क्रमांक द्यावा, म्हणजे प्रत्येक तक्रार नेमक्या आवृत्तीशी जोडता येते. विकसनाची साधने नसलेल्या संगणकावर आज्ञावली स्थापित करून पाहावी. ज्ञात दोषांची यादी सोबत द्यावी. परीक्षकाने फॉन्टचे नाव, मूळ शब्द व प्रत्यक्ष मिळालेला शब्द कळवावा, अशी सूचना असावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, रूपांतरित मजकूर स्वतंत्र फाइलमध्ये साठवला जावा आणि न ओळखलेली चिन्हे गाळली न जाता ठळकपणे दर्शविली जावीत.

निष्कर्ष : बीटा आवृत्तीत दोष असणार, हे गृहीतच आहे. मात्र त्यापायी परीक्षकाच्या प्रबंधाची एकमेव प्रत नष्ट होता कामा नये. मूळ फाइलची सुरक्षितता ही चाचणीची पहिली अट होय.