कातडीचा कर्करोग : टाके निघाल्यानंतरचे काम

कातडीच्या कर्करोगाचा इतिहास हा बराचसा कामगारांचा इतिहास आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १७७५ साली लंडनचे शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांच्या वृषणकोशावर होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. लहानपणी धुराड्यात शिरलेल्या पोराला हा रोग मोठेपणी गाठी. पॉट यांचा उपाय एकच होता : तो भाग वेळीच कापून काढणे. रोग आत पोचला की त्यांचेही हात टेकत.

पुढे लँकेशायरच्या सूतगिरण्यांत हीच गोष्ट घडली. तेथे ‘म्यूल’ नावाच्या यंत्रावर सूत काढीत. चात्यांना घातलेले खनिज तेल उडून कातणाऱ्याच्या विजारीत मुरे आणि ती विजार दिवसभर अंगावर राही. मँचेस्टरच्या एका इस्पितळातील वृषणकोशाच्या कर्करोगाचे १४१ रोगी साउदम आणि विल्सन या डॉक्टरांनी १९२२ साली तपासून मांडले. त्यांपैकी ६९ जण म्यूलवर कातणारे होते. धुराडी साफ करणारा एकच निघाला! तरीही चात्यांसाठी कोणते तेल वापरावे याचा सक्तीचा नियम इंग्लंडात व्हायला १९५३ साल उजाडावे लागले. तोवर म्यूल यंत्रेच मोडीत निघू लागली होती.

आपल्या मुंबईचाही या विषयाशी संबंध आहे. परळला, ऐन गिरणगावात, १९४१ साली टाटा रुग्णालय उघडले. तेथील डॉ. वसंत खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली राहणीच्या सवयींतून होणाऱ्या कर्करोगांवर निबंध लिहिला. त्यात धोतराच्या कर्करोगाचे वर्णन आहे. कमरेला एकाच जागी वर्षानुवर्षे करकचून गाठ बसली की कातडी जाड होते, तिचा रंग जातो आणि क्वचित तेथे न भरणारा व्रण होतो. साडी व परकराच्या नाडीनेही असेच घडते. गाठ सैल ठेवणे, तिची जागा बदलणे, नाडी रुंद घेणे हा प्रतिबंध बिनखर्चाचा आहे.

आता उपचारांकडे वळू. मी डॉक्टर नव्हे; कामगारांबरोबर इस्पितळाच्या बाकावर बसून आणि डॉक्टरांना विचारून विचारून शिकलो तेवढे सांगतो. महिनाभरात न भरणारा व्रण, रक्त येणारी गाठ, आकार वा रंग बदलणारा तीळ, भाजल्याच्या जुन्या वणावर उठलेली नवी जखम, ही दाखवायची लक्षणे. डॉक्टर एक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ‘तुकडा काढला की रोग पसरतो’ ही चाळीचाळीतून ऐकू येणारी समजूत निराधार आहे; तिच्यापायी माणसे सहा सहा महिने घालवतात.

मुख्य उपचार अजूनही शस्त्रक्रियेचाच. व्रणाभोवतीची थोडी निरोगी कातडी घेऊन तो भाग काढतात आणि कडांना रोग उरला आहे काय ते तपासतात. नाक, पापणी अशा नाजूक जागी थर काढायचा, तेथेच तपासायचा आणि रोग उरला असेल तेवढाच पुन्हा काढायचा, अशी रीत अमेरिकेतील फ्रेडरिक मोज यांनी १९३० नंतरच्या दशकात सुरू केली. शस्त्रक्रिया न सोसणाऱ्याला किरणोपचार देतात. गोठवणे, खरवडून जाळणे, मलमे हे वरवरच्या रोगापुरते. बाजारातील जाळणारी काळी मलमे मात्र घातकी : वरून खपली धरते, खाली रोग वाढत राहतो. पसरलेल्या रोगासाठी शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधे अलीकडे निघाली आहेत. गुण पुष्कळांना येतो, पण किंमत कामगाराच्या कुवतीबाहेरची आहे.

टाके निघाले की आमचा माणूस कामावर रुजू होतो आणि इस्पितळाचा कागद ट्रंकेत जातो. खरी चूक येथे होते. शल्कपेशींचा कर्करोग, म्हणजे तेलाडांबराच्या धंद्यातला नेहमीचा प्रकार, उलटला तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत उलटतो. म्हणून ती दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे पाच वर्षांपर्यंत सहा ते बारा महिन्यांनी आणि नंतर दरसाल तपासणी करावी लागते. डॉक्टर वण पाहतात, जांघ, काख, मान यांतील गाठी हाताने चाचपतात आणि सबंध अंगाची कातडी पाहतात. कारण एकदा झालेल्याला दुसऱ्या जागी नवा रोग होण्याचा संभव अधिक. मधल्या काळात महिन्यातून एकदा घरीच पाहावे. पाठ घरच्या माणसाने पाहावी. तळपाय आणि नखे विसरू नयेत, कारण आपल्यासारख्या सावळ्या लोकांत मेलानोमा हा काळा कर्करोग पुष्कळदा तेथेच येतो.

हे सारे कामाच्या दिवशी करावे लागते, ही अडचण मी नाकारीत नाही. रोजंदारीवाल्याचा रोज बुडतो, मुकादम तोंड वाकडे करतो. युनियनने पगारी रजेच्या मागणीत ‘तपासणीची रजा’ हे कलम स्पष्ट शब्दांत घालावे, असे माझे मत आहे. आणि निवृत्तांना त्यातून वगळू नये. तेलाचा परिणाम कित्येकदा काम सुटल्यानंतर वीस-तीस वर्षांनी दिसतो.

डॉक्टरांकडे जाताना तुकड्याच्या तपासणीचा अहवाल आणि शस्त्रक्रियेचा कागद बरोबर असावा. शिवाय एका चिठ्ठीवर आपण कोणत्या खात्यात, किती वर्षे, कोणत्या तेलाशी किंवा डांबराशी काम केले ते लिहून न्यावे आणि ते केसपेपरवर उतरवून घ्यावे. डांबर, पिच, खनिज तेल यांमुळे होणारा कातडीचा कर्करोग १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने धंद्याचा रोग मानला होता, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही अशा रोगांची यादी आहे. दावा करायची वेळ आली तर सर्वप्रथम तोच केसपेपर मागितला जातो.