दारात वेखंड लावायचं तर

आज वेखंडाबद्दल बोलू. बाळगुटीच्या पुडीत ते सगळ्यांनी पाहिलंय, दारात उगवलेलं मात्र थोड्यांनीच. खरं तर लोधिवली, चौक, खालापूर या पट्ट्यात ते लावणं अवघड नाही. ज्याच्या परसात अळू तगतो, त्याच्याकडे वेखंडही तगतं.

वेखंड ही पाणथळ जागेतली, वर्षानुवर्षं टिकणारी वनस्पती. अंगठ्याएवढा जाड कंद जमिनीलगत आडवा सरकत जातो आणि त्यातून तलवारीसारखी पानं वर येतात. कर्नाटकात तुमकूर जिल्ह्यात, कोरटगेरे भागात, भातासारखा चिखल करून त्याची शेती करतात. म्हणजे जून ते सप्टेंबर आपल्याला काही करावं लागत नाही. खरी परीक्षा मार्चनंतर, विहिरी खाली जातात तेव्हा.

काष्ठौषधीच्या दुकानातलं वाळकं वेखंड रुजत नाही. ओला, डोळा असलेला कंद हवा. रोप घेताना पान चुरगळून वास घ्या. नुसत्या आकारावर जाल तर फसाल, शोभेची आयरिससुद्धा तशीच दिसते. पाऊस सुरू झाला की बोटभर तुकडे फूटभर अंतरावर, जेमतेम मातीखाली लावा. जागा नसेल तर बिनभोकाची जुनी बालदी चालते. माती चिखलासारखी ठेवा, पण वर पाणी साचू देऊ नका. डासांना तेवढंच हवं असतं.

अळू आपण मोरीच्या पाण्यावर सोडतो. वेखंडाला तसं करू नका. ते पाण्यातले जड धातू शोषतं, म्हणून तर सांडपाणी शुद्ध करायच्या कृत्रिम पाणथळीत त्याला मुद्दाम लावतात. पाताळगंगेच्या काठाला कारखाने आहेत, हे आपण जाणतोच. तेव्हा पाणी विहिरीचं किंवा नळाचंच द्या.

आता मुख्य गोष्ट. आजी सहाणेवर एक वळसा उगाळून बाळाला चाटवते, मग घरचं ताजं वेखंड असेल तर आणखी छान, असं वाटतं ना? इथेच थांबा. वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत त्याने गाठी झाल्या आणि अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाण्यात घालायला बंदी आहे. गंमत अशी, की तिकडच्या मूळच्या वेखंडात हे द्रव्य नसतंच, आपल्याकडच्यात मात्र भरपूर असतं. आयुर्वेदातही वचा म्हणजे वेखंड शोधन करून वापरायला सांगितलंय, आणि उलटी करवणारं औषध म्हणूनही ते ओळखलं जातं. वळसा मोठा पडला तर तान्ह्याला काय होईल, विचार करा. माझं मत सरळ आहे: दारातलं वेखंड पोटात घ्यायचं नाही. बाळाला नाही, गरोदर बाईला तर नाहीच. कुणाला द्यायचंच असेल तर वैद्यांना विचारून. अंगाला पूड लावतानाही ती बाळाच्या नाकातोंडात जाते, तेही टाळा.

मग लावायचं कशाला? गोधड्यांत, लोकरीच्या कपड्यांत, पुस्तकांच्या कपाटात तुकडे ठेवा. कसर लागत नाही, आणि वास तर काय सुंदर!

साधारण वर्षाने पानं पिवळी पडली की कंद काढा. डोळ्याकडचं टोक तिथेच परत लावा, उरलेल्याचे तुकडे सावलीत वाळवा. डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा. सुंठीशेजारी ठेवलं तर चहात जायला वेळ लागत नाही.