बाळाचा कान वर्षभरात काय विसरतो?

‘काळ’ आणि ‘काल’ यांतला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. फक्त हिंदी बोलत वाढलेल्या माणसाला मात्र दोन्हीकडे बहुधा ‘ल’च ऐकू येतो. त्याच्या कानात काही दोष नसतो. ‘ळ’ त्याच्या कानापर्यंत व्यवस्थित पोहोचतो, पण मेंदू त्याला ‘ल’च्या खणात टाकून मोकळा होतो. आपणही हेच करतो. इंग्रजीतला ‘टी’चा उच्चार आपल्या ‘ट’ आणि ‘त’ यांच्या मधला आहे; आपण तो ‘ट’च्या खणात टाकला आणि टेबल, तिकीट, डॉक्टर असे शब्द तयार झाले. ‘तिकिटा’त तर ‘त’ आणि ‘ट’ दोन्ही आले!

हे खण कधी तयार होतात, याचा छडा कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी लावला. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात वापरलेल्या ध्वनींमध्ये हिंदीतले ‘टा’ आणि ‘ता’ होते. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना एकच ध्वनी पुन्हा पुन्हा ऐकवला जाई आणि मध्येच तो बदले. बदल ओळखून बाळाने मान वळवली, की पेटीतले खेळणे उजळून हलू लागे. ६ ते ८ महिन्यांची बहुतेक बाळे बरोबर मान वळवत. १० ते १२ महिन्यांच्या फारच थोड्या बाळांना ते जमले. हिंदी ऐकत वाढणारी बाळे मात्र वर्षाची होत आली तरी फरक ओळखत होती.

म्हणजे पहिल्या वर्षात बाळ काही ध्वनी ऐकायला शिकते, तसे काहींकडे दुर्लक्ष करायलाही शिकते. हा तोटा नाही. अमेरिकेतील सिएटल येथे पॅट्रिशिया कूल यांनी केलेल्या अभ्यासांत, स्वतःच्या भाषेतले ध्वनी लवकर पक्के करणाऱ्या बाळांची शब्दसंपत्ती पुढे अधिक वेगाने वाढलेली दिसली. ज्यांचा कान परक्या ध्वनींसाठी जास्त काळ उघडा राहिला, ती काहीशी मागे होती. मोठेपणी सरावाने नवे ध्वनी शिकता येतात. मात्र कष्ट फार पडतात.

हे शिक्षण नुसत्या आवाजाने होत नाही. कूल यांच्याच २००३च्या प्रयोगात ९ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी भाषक १२ वेळा येऊन खेळले, त्यांना पुस्तके वाचून दाखवली. या बाळांना चिनी ध्वनींतला फरक कळू लागला. तेच भाषक, तेवढाच वेळ पडद्यावर पाहिलेल्या बाळांना काहीच फायदा झाला नाही. बाळासमोर मोबाइल लावून ‘भाषा कानावर पडतेय’ असे समाधान मानणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावे.

आता ज्या बाळाला या वर्षात नीट ऐकूच येत नाही, त्याचा विचार करा. जन्मतः लक्षणीय श्रवणदोष असलेली बाळे साधारण दर हजारी १ ते ३ असतात. सुरुवातीचे काही महिने तीही हुंकार देतात, हसतात, त्यामुळे घरात शंका येत नाही. कोणी ताट वाजवून पाहतो. हादरा जाणवून किंवा हालचाल दिसून बाळ वळते आणि सगळे निश्चिंत होतात. पुढे बोलणे लांबले, की ‘त्याचा बापही उशिराच बोलला’ हे वाक्य तयारच असते. त्यात वर्ष-दोन वर्षे निघून जातात.

खरे तर तपासणी सोपी आहे. ‘ओएई’ चाचणीत झोपलेल्या बाळाच्या कानात मऊ टोकाची छोटी नळी ठेवून आतल्या कानाकडून येणारा क्षीण प्रतिसाद टिपतात. काम काही मिनिटांचे, आणि दुखत अजिबात नाही. शंका राहिली तर ‘बेरा’ चाचणीने श्रवणचेतेवरून मेंदूकडे जाणारे संदेश पाहतात. १ महिन्यापर्यंत प्राथमिक तपासणी, ३ महिन्यांपर्यंत निदान आणि ६ महिन्यांपर्यंत उपाय सुरू, असे वेळापत्रक तज्ज्ञ सांगतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील कोलोरॅडोच्या अभ्यासात, श्रवणदोष ६ महिन्यांच्या आत ओळखला गेलेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती, मग ती मुले बोलणारी असोत वा खुणांच्या भाषेत संवाद साधणारी.

भारतात २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. तरीही प्रसूतीनंतर घरी सोडण्यापूर्वी ही चाचणी झाली का, हे पालकांनी स्वतः विचारलेले बरे. ती व्यवस्थित आली तरी तीव्र कावीळ किंवा मेंदूज्वर झाल्यास, किंवा बाळ अतिदक्षता विभागात राहिले असल्यास डॉक्टरांना पुन्हा तपासणीविषयी विचारावे. आणि १० महिने उलटूनही ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड ऐकू येत नसेल, तर बाळाला श्रवणतज्ज्ञाकडे न्यायला पहिल्या वाढदिवसाची वाट पाहू नये.