क्रमाची हमी नाही

रस्ट भाषेतल्या रेऑन या समांतर गणनेच्या ओपन सोर्स लायब्ररीत बेरीज करणाऱ्या फंक्शनच्या पानावर एक छोटी सूचना आहे: घटक कोणत्या क्रमाने एकत्र होतील हे ठरलेलं नाही, त्यामुळे फ्लोटिंग पॉइंट संख्यांची बेरीज दर वेळी तंतोतंत तीच येईल असं धरू नये. त्या पानावरचा सर्वांत मोलाचा मजकूर मला हाच वाटतो. १० चा १६ वा घात, तेवढीच ऋण संख्या आणि १ अशा तीन संख्या घ्या. पहिल्या दोन आधी मिळवल्या तर उत्तर १ येतं. शेवटच्या दोन आधी मिळवल्या तर ६४ बिटांत तो १ मावत नाही, गळून जातो आणि उत्तर शून्य येतं. काम थ्रेडांमध्ये कसं वाटलं गेलं, त्यावर कंस कुठे पडणार हे ठरतं. प्रोग्रॅम कितीही वेळा चालवला तरी हे लक्षात येईलच असं नाही. म्हणून समांतर लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन कोडइतक्याच कसोशीने लिहायला हवं, आणि कशाची हमी नाही हे त्यात ठळकपणे यायला हवं.

कोड तर खुलाच आहे, शंका असेल त्याने तो वाचावा, असं यावर म्हटलं जातं. पण कोडवरून आज काय घडतं तेवढंच कळतं. पुढच्या आवृत्तीत तसंच घडेल का, हे कळत नाही. प्रोसेसमध्ये संदेशांची देवाणघेवाण कशी व्हावी हे ठरवणाऱ्या एमपीआय या प्रमाणकाचं उदाहरण घ्या. त्यात दोन प्रोसेस आधी एकमेकींना संदेश पाठवू लागल्या आणि घेण्याचं काम नंतर ठेवलं, तर लहान संदेश बफरमध्ये जाऊन काम बिनबोभाट होतं. संदेश मोठा झाला की दोघीही समोरची कधी घेते याची वाट पाहत अडकतात. किती मोठा संदेश बफरमध्ये मावतो ही मर्यादा लायब्ररीनुसार, नेटवर्कनुसार बदलते. बफर मिळेलच असं गृहीत धरू नका, हे १९९४ च्या पहिल्या एमपीआय प्रमाणकातच सांगितलेलं आहे. ते न वाचता लिहिलेला प्रोग्रॅम लॅपटॉपवर धावतो आणि क्लस्टरवर थिजतो.

डॉक्युमेंटेशन शिळं होतं, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. रस्टमध्ये पानावरची उदाहरणं चाचण्यांबरोबर चालवता येतात, त्यामुळे ती सहसा मोडत नाहीत. पण ‘क्रम ठरलेला नाही’ हे वाक्य कोणतीही चाचणी तपासू शकत नाही. ते खरं राहिलं आहे का, हे कोडमधला बदल तपासणाऱ्या माणसानेच पाहायचं असतं. ओपन सोर्समध्ये पहिलं योगदान द्यायची इच्छा असेल, तर समांतर लायब्ररीतल्या एखाद्या फंक्शनचं पान उघडा. दोन थ्रेडनी ते एकाच वेळी वापरलं तर काय होईल, याचं उत्तर तिथे नसेल तर ते शोधा आणि लिहून पाठवा.